उरलेले मैल

माझ्या गाडीने गेल्या महिन्यात एक लाख चाळीस हजार मैल ओलांडले आणि त्याच आठवड्यात तिचा गिअर बदलायला वेळ लागू लागला. मेकॅनिकने सगळं तपासून सांगितलं, की ट्रान्समिशनच्या दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या आसपास जाईल. म्हणजे दुसरी गाडी घेणं आलं.

मी न्यू जर्सीत राहते आणि घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. गुडघा बदललेले, पडून खुबा मोडलेले, पक्षाघातातून उठू पाहणारे वृद्ध हे माझे पेशंट. त्यांना घराबाहेर पडता येत नाही, म्हणून मी जाते. एडिसनहून निघायचं, फ्लेमिंग्टनला दोन घरं करायची, मग पार डेलावेअर नदीच्या काठावरचं फिलिप्सबर्ग, आणि संध्याकाळी परत. वर्षाकाठी पंचवीस हजार मैल सहज होतात.

डीलरकडच्या मुलाने हे ऐकून घेतलं आणि तरीही विचारलं, "मॅम, लीजचा विचार केलाय का?"

लीजचं गणित अनेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगते. समजा गाडीची किंमत ३०,००० डॉलर आहे. तीन वर्षांनी तिचे १६,५०० उरतील, असं कंपनी आधीच ठरवून टाकते. मधले १३,५०० तुम्ही छत्तीस महिन्यांत भरायचे. महिन्याला ३७५, वर व्याज आणि कर. मुदत संपली की किल्ली परत. मात्र ते १६,५०० हे वर्षाला दहा, बारा किंवा पंधरा हजार मैल गृहीत धरून काढलेले असतात. त्यापुढे प्रत्येक मैलाला साधारण १५ ते ३० सेंट मोजावे लागतात. करार बारा हजारांचा आणि दर २० सेंटचा धरला, तर तीन वर्षांत माझे ३९,००० मैल जास्तीचे होतील आणि गाडी परत करताना ७,८०० डॉलरचं बिल हातात पडेल. म्हणूनच जास्त फिरणाऱ्याने लीजच्या वाटेला जाऊ नये, असं सगळे सांगतात.

पण त्या मुलाकडे उत्तर होतं. जास्तीचे मैल करारातच आधी विकत घ्या, ते स्वस्त पडतात. हप्ता वाढेल, पण शेवटी धक्का बसणार नाही. गाडी कायम वॉरंटीत राहील आणि कुणा पेशंटच्या दारात बंद पडणार नाही. घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेरजा मांडल्या. गाडी विकत घेऊन पार खिळखिळी होईपर्यंत वापरली तर स्वस्त पडते, हे खरं. पण त्यात शेवटच्या दोन वर्षांच्या दुरुस्त्या आणि बुडालेले कामाचे दिवस धरले, की दोन्ही पारडी जवळजवळ येतात. नुसत्या हिशोबाने निर्णय होईना.

शिवाय लीज मला नवीन नाही. आत्ताची ही गाडीसुद्धा मुळात लीजवरच घेतली होती.

ती गोष्ट २०१९ची. तेव्हा मी घरापासून आठ मैलांवरच्या एका क्लिनिकमध्ये काम करत होते. वर्षाला बारा हजार मैल मला पुरून उरणार होते. २०२०च्या उन्हाळ्यात क्लिनिक बंद झालं आणि मी घरोघरी जाण्याचं काम धरलं. करार तोच राहिला, ओडोमीटर मात्र धावू लागला. कामाचे मैल कमी करणं शक्य नव्हतं. म्हणून उरलेले मैल मी मोजू लागले.

माझी मावशी न्यू यॉर्क राज्यात, बिंगहॅम्टनला राहायची. सत्तरच्या दशकात काकांबरोबर आली आणि ते गेल्यावरही ते गाव तिने सोडलं नाही. आमच्या घरापासून तिचं घर १७० मैल. पूर्वी मी महिन्यातून एकदा जायचे. सकाळी निघायचं, तिच्या हातचं पिठलं खायचं, तिची कपाटाच्या वरच्या खणातली कामं करायची आणि अंधार पडता परतायचं. कोविडच्या पहिल्या वर्षात हे थांबलं, ते योग्यच होतं. पण २०२१मध्ये आम्हा दोघींची लस झाली, तरी मी महिन्याची दोन महिन्यांवर आणि दोनाची तीनवर नेली. कारणं सांगितली ती खोटी नव्हती. काम खरंच होतं, दमायलाही होत होतं. पण गाडी काढताना डोक्यात पहिला आकडा यायचा तो जाऊन-येऊन ३४० मैल, म्हणजे अडुसष्ट डॉलर. मी एकदा तिला हे हसत हसत सांगितलंही होतं. ती पुण्याची. त्यानंतर फोनवर ती सुरुवातच अशी करायची, "काय गं, मीटर किती झालंय तुझ्या रिक्षाचं?"

अडुसष्ट डॉलर मला जड नव्हते. त्याहून जास्त पैसे मी त्या वर्षी दिवाळीचा फराळ मागवण्यात घातले. म्हणून प्रश्न पैशांचा होता असंही म्हणता येत नाही.

जानेवारी २०२२मध्ये मावशी झोपेतच गेली. अंत्यविधीला गेले तेव्हा अर्थातच मैल मोजले नाहीत.

त्यानंतर तीन महिन्यांनी लीज संपली. ३६,००० मैलांच्या करारावर ५८,००० झाले होते. बावीस हजार जास्तीचे, म्हणजे ४,४०० डॉलर. पण तोवर चिपच्या टंचाईमुळे जुन्या गाड्यांचे भाव आकाशाला भिडले होते. करारात तीन वर्षांपूर्वी ठरलेल्या किमतीला गाडी विकत घेण्याची मुभा होती आणि ती किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी होती. मी गाडी विकत घेतली. जास्तीच्या मैलांचा दंड गाडी परत करणाऱ्याला लागतो. मला एक सेंटही द्यावा लागला नाही. जे वाचवायला मी वर्षभर बिंगहॅम्टनचा रस्ता टाळला, ते कधी द्यायचंच नव्हतं.

यातून 'लीज वाईट' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण तो प्रामाणिक नाही. स्वतःच्या गाडीचा मैलही फुकट नसतो. इथल्या कर खात्याने २०२५साठी धंद्याच्या प्रवासाचा दर मैलाला ७० सेंट धरला आहे. त्यात पेट्रोल, विमा, दुरुस्ती आणि गाडीची घसरत जाणारी किंमत सगळं येतं. म्हणजे २०१८मध्ये, स्वतःच्या जुन्या गाडीने मावशीकडे जाताना, मी प्रत्येक खेपेला अडुसष्टाहून किती तरी जास्त डॉलर रस्त्यावर सांडत होते. फक्त ते दिसत नव्हते. लीजने मला नवा खर्च लावला नाही, असलेला दाखवला. मग सत्य दाखवणाऱ्या कराराला दोष कसा द्यायचा?

यावर विचार करताना मला रोमन कायद्यातला एक भेद उपयोगी पडला. त्या परंपरेत मालकीचे तीन पदर सांगतात. वस्तू वापरण्याचा हक्क, तिचं फळ घेण्याचा हक्क, आणि ती संपवण्याचा हक्क. दुसऱ्याच्या वस्तूवर पहिले दोन हक्क मिळू शकतात. शेत कसा, पीक घ्या, पण शेत जसंच्या तसं परत करा. तिसरा हक्क फक्त मालकाचा. मग रोमन कायदेपंडितांना प्रश्न पडला, की तेल, दारू, धान्य यांचं काय? ती वापरायची म्हणजे संपवायचीच. ती जशीच्या तशी परत कशी करणार? अशा वस्तूंवर तसा हक्क खऱ्या अर्थाने देता येत नाही, असं त्यांनी मानलं आणि नंतर त्यासाठी वेगळी सोय केली: वस्तू वापरून टाका आणि तितकंच मोल परत करा.

लीजचा करार गाडीला शेत समजतो. आमच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ वर्षाला सहा हजार मैल चालवतात, त्यांच्यापुरतं ते खरंही आहे. माझी गाडी तेल आहे. ती जाळल्याशिवाय माझं काम होतच नाही. 'कसेल त्याची जमीन' या तत्त्वामागे कष्टाने जमिनीत काहीतरी भर पडते असा विचार होता. १९४८च्या कुळकायद्याने माझ्या आजोबांसारख्यांना त्याच आधारावर उभं केलं. गाडीत माझ्या कष्टाने भर पडत नाही, ती झिजते. म्हणून 'चालवेल त्याची गाडी' असं म्हणायला वेगळा आधार लागतो. तो मला असा दिसतो: जी वस्तू संपवूनच वापरता येते, ती संपवताना दर वेळी दुसऱ्याला जाब द्यावा लागू नये. मालकी म्हणजे मिरवणं नव्हे. 'ही खेप त्या मोलाची होती का' हा प्रश्न न विचारण्याची मोकळीक म्हणजे मालकी.

कारण काही गोष्टींना तो प्रश्न विचारला, की त्या बदलतात. हैफा शहरातल्या पाळणाघरांमध्ये झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर कमी होण्याऐवजी वाढला. आधी उशीर म्हणजे शिक्षिकेचा अपराध केल्यासारखं वाटे. दंडानंतर ती विकत घेतलेली सेवा झाली. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. मला यातला शेवटचा भाग खरा भिववतो. गाडी माझी झाल्यावरही कितीतरी महिने कुणाकडे जायचं ठरलं, की माझी नजर आधी ओडोमीटरकडे जायची. करार संपला, मोजणं उरलं.

माझ्या पेशंटांमध्येही मी हे पाहते. गुडघा झिजेल म्हणून वर्षानुवर्षं जिने टाळलेले लोक असतात. त्यांना वाटतं आपण सांधा राखून ठेवला. पण कूर्चेचं पोषण हालचालीने होतं आणि न वापरलेला स्नायू आठवड्यांत वाळतो. गाडी वापरून झिजते, शरीर न वापरून. माणसांशी असलेलं नातं या दोहोंपैकी कशासारखं आहे, हे मला २०२१मध्ये कळायला हवं होतं. व्यवसायच तो आहे माझा.

तर मी लीज घेत नाहीये. त्याने मी शहाणी ठरते असं नाही. माझ्यासारख्या मोजणाऱ्या स्वभावाच्या बाईने मोजायला लावणारा करार करू नये, इतकंच. दुसऱ्या कुणाला तो आकडा डोळ्यांसमोर असूनही १७० मैल जाता येत असेल, तर त्याने खुशाल करावा.

काल मी एक गाडी नक्की केली. तीन वर्षांच्या लीजवरून परत आलेली आहे. वॉरंटी नावापुरती, दर चांगला. कागदपत्रं चाळताना जुना करार बारा हजारांचा होता असं विक्रेत्याने सांगितलं. ओडोमीटरवर सत्तावीस हजार होते. न वापरलेल्या मैलांचे पैसे परत मिळत नाहीत. ते गाडीबरोबर पुढच्या माणसाकडे जातात. म्हणजे कुणीतरी भरलेले नऊ हजार मैल आता माझ्याकडे आले आहेत. तो माणूस कदाचित घरीच बसून काम करत असेल, आजारी असेल, किंवा त्याला कुठे जायचंच नसेल. पण सही करताना मला वाटून गेलं, की त्यातले काही मैल कुणाच्या तरी घराकडे जाणारे होते.