धरलें कोणीं ?

सज्जनहो, कीर्तनकारानें मुलांच्या खेळाच्या जागीं जावें काय, असा पूर्वपक्ष कोणीही करील. पैसे मोजून तिकीट काढायचें आणि वर आरडाओरड करायची, हा कसला परमार्थ ? मीही असेंच म्हणत होतों. पण गेल्या मे महिन्यांत मुलानें मोटार घेतली आणि नातवंडें माझ्या उपरण्याला लोंबकळलीं. आमच्या घरची ही पहिलीच सुटीची सहल. मुलगा म्हणाला, "अण्णा, तुम्ही बसल्याशिवाय गाडी निघायची नाहीं." मग काय, टाळ खुंटीला ठेवून निघालों.

पुण्याहून द्रुतगती मार्ग धरला. हा रस्ता २००२ सालीं पुरा झाला. लोणावळें, खंडाळा मागें पडलें, घाट केव्हां उतरलों तेंही कळलें नाहीं. खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर इमॅजिका नांवाचें मोठें क्रीडास्थान आहे. तें २०१३ सालीं सुरू झालें. आंत शिरतांच रांग लागली, आणि मला पंढरीची दर्शनबारी आठवली. मुलें हंसत खेळत उभीं होतीं. बारींत कुरकुरणारे आपण मोठेच, हें मनांत येऊन जरा लाज वाटली.

तेथें रोलर कोस्टर म्हणून एक उंच, वांकडातिकडा लोहमार्ग आहे. पांच वर्षांच्या नातवाला तेथील माणसानें उंचीच्या खुणेशीं उभें केलें आणि परत पाठविलें. मीं म्हटलें, "बाळा, हा अधिकारभेद. नाहीं म्हणणारा तुझा वैरी नव्हे." त्याला अधिकारभेद काय कळणार ! कुल्फी मिळाली तेव्हां तो शांत झाला.

नऊ वर्षांची नात मात्र बापाबरोबर बसली. गाडी निघण्यापूर्वीं प्रत्येकाच्या अंगावर एक दांडा येऊन घट्ट बसतो, आणि माणसें तो हातानें ओढून पाहतात. मग साखळी गाडीला माथ्यावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढें ओढणारें कोणी नाहीं. चढून मिळविलेल्या उंचीवरच ती धांवते. खालीं उतरल्यावर पोर रडतही होती आणि हंसतही होती. म्हणाली, "आजोबा, मीं दांडा किती घट्ट धरला होता !" तिचा बाप म्हणाला, "अगं, तूं सोडला असतास तरी दांड्यानें तुला सोडलें नसतें."

माउली, तेथेंच माझें कीर्तन उभें राहिलें ! रामानुजांच्या संप्रदायांत दोन न्याय प्रसिद्ध आहेत. माकडीचें पोर आईच्या पोटाला स्वतः बिलगतें, तो मर्कटकिशोरन्याय. मांजरीचें पोर कांहींच करीत नाहीं, आईच त्याला तोंडांत धरून नेते, तो मार्जारकिशोरन्याय. भक्त म्हणतो, मीं देवाला धरलें. अरे, धरलें कोणीं ? तुझी मूठ भयानें घट्ट होते आणि थकव्यानें सुटते. त्याची पकड सुटत नाहीं.

हें मीं चाळीस वर्षें सांगत आलों. पण परतींच्या वाटेवर मुलगा हळूच म्हणाला, "अण्णा, लहानपणीं दर आषाढीला तुमची दिंडी वेशीपर्यंत पोंचवायला यायचों आणि वेशीवरून परत फिरायचों. तुमच्याबरोबर कुठें बाहेर पडलों, तो आज पहिल्यांदा." बोलण्यांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें अधिक लागलें. लोकांना मांजरीचा न्याय सांगणाऱ्यानें आपलें पोर माकडीचें केलें होतें. त्यानेंच बिलगावें, मीं धरूं नये ! ज्याला बापाचा हात ठाऊक नाहीं, त्याला विठोबाचा हात कोणत्या दृष्टांतानें समजवावा ?

वारी सोडा असें मी म्हणत नाहीं. पण आठवा : घर सोडून काशीस संन्यास घेतलेल्या विठ्ठलपंतांना गुरूनें परत घरीं पाठविलें, आणि त्या संसारांत निवृत्तिनाथ, ज्ञानोबाराय, सोपानदेव, मुक्ताबाई अवतरलीं. पुंडलिक आईबापांच्या सेवेंत होता म्हणून देव विटेवर थांबला. जनाबाईंना देव दिसला तोही लेकुरवाळा. घर हा आपल्या संप्रदायाचा अडथळा नव्हे, पाया आहे.

म्हणून, वारकरी बंधुभगिनींनो, पुढच्या आषाढीला पोरांना वेशीवरून परत पाठवूं नका. सगळी वाट नाहीं तर एक मजल चालवा. मीं मुलाला विचारलें, "पुणें ते सासवड चालशील ? दिवेघाट पोरांना दाखवूं." तो म्हणाला, "सुटी मिळाली तर येतों, अण्णा." सुटी मिळो न मिळो, यंदा वेशीवर मागें वळून पाहणारा मी असेन, आणि हात पुढें करणाराही मीच.

रामकृष्णहरि.