कुंडीतल्या टोमॅटोवर हक्क कोणाचा?



२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कोल्हापुरात भाजीपाला येईनासा झाला. खिशात पैसे असूनही मंडईतून रिकामी पिशवी घेऊन परतावे लागते, हे आपणांपैकी अनेकांनी तेव्हा अनुभवले असेल. घरच्या गच्चीवर चार भाज्या लावाव्यात, ही इच्छा माझ्या मनात तेव्हाच रुजली. ती फळाला यायला मात्र काही वर्षे लागली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरातल्या सर्वांनी मिळून आठ कुंड्या लाल माती आणि कुजलेले शेणखत घालून भरल्या. मेथी चौथ्या दिवशी वर आली. धने रगडून पेरले होते, ते आठवडा उलटला तरी दिसेनात; माझ्या आठ वर्षांच्या मुलीने अधीर होऊन माती उकरून पाहिली आणि ती कुंडी वाया गेली. मिरचीची रोपे आम्ही अतिप्रेमाने पाणी घालघालून कुजवली. टोमॅटो तेवढे जगले. पहिले चार लाल झाले, त्या सकाळी फज्रनंतर वर गेलो, तर तीन बुलबुलांनी फोडलेले. हाताला खडा लागला, तो मी भिरकावलाही. पाठीमागून मुलीने विचारले, "अब्बा, पाणी आपण घातले, मग टोमॅटो बुलबुलाचा कसा?"

ज्या हदीसवर मी जुम्याच्या बयानात अनेकदा बोललो, ती खडा उचलताना मला आठवली नव्हती, हे येथे कबूल करतो. माननीय जाबिर (रजि.) यांच्या कथनानुसार, मुस्लिमाने लावलेल्या रोपाचे जे खाल्ले जाईल तो त्याचा सदका आहे; पशुपक्ष्यांनी खाल्लेलेही, आणि चोरीला गेलेलेही. सहीह मुस्लिममध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांची ही शिकवण आली आहे.

तरीही मुलीचा प्रश्न बालिश नव्हता. दान स्वेच्छेने दिले जाते. जे आपण दिलेच नाही, उलट ज्यासाठी खडा उगारला, ते दान कसे?

उत्तर 'आपले' या शब्दातच शोधावे लागते. सूरह अल-वाकिआत अल्लाह पेरणाऱ्यांना विचारतो, की उगवणारे तुम्ही की आम्ही? बी टाकणे आणि पाणी घालणे एवढेच आमच्या हाती होते. तेही आम्हांला नीट जमले नाही, हे मिरचीने दाखवले. म्हणजे आमचा हक्क आहे, पण तो एकट्याचा नाही. सूरह अल-अनआममध्ये कापणीच्या दिवशीच पिकाचा 'हक्क' देण्याची आज्ञा आहे. उपकाराचा शब्द तेथे नाही. म्हणूनच पावसावरच्या पिकाचा दहावा आणि कष्टाने पाणी दिलेल्या पिकाचा विसावा हिस्सा उश्र म्हणून निघतो. श्रमाचा मान राखला, पण मालकी पूर्ण मानली नाही.

हनफी फिक्हनुसार घराच्या आवारातल्या भाजीवर उश्र नाही. परंतु कायद्याने सूट मिळाली म्हणून अंतःकरणालाही ती मिळते, असे नाही.

मग सारे पक्ष्यांवर सोडावे काय? नाही. आपल्या मालाचे रक्षण करणे जायज आहे आणि बायकामुलांना घास भरवणे हाही सदकाच आहे. जाळी अवश्य लावावी. विष मात्र ठेवू नये, दगड मारू नये. रक्षण वेगळे आणि सूड वेगळा. जे जाळीतूनही गेले, त्याचा शोक न करता ते अल्लाहजवळ जमा झाले असे समजावे.

आम्ही तीन रोपांवर जाळी टाकली, चौथे उघडे ठेवले. कोणते ठेवायचे, ते मुलीने ठरवले. उरलेल्या एका टोमॅटोची कोशिंबीर झाली. तिची एक वाटी शेजारी गेली.

आपणही या हंगामात एक कुंडी भरा. मात्र बी टाकण्यापूर्वी मुलांसोबत बसून ठरवा, की यातला कोणाचा वाटा किती. नीयतीची वेळ तीच आहे. फळ लाल झाल्यावर हात आखडतो, हे मी अनुभवाने सांगतो.