जनाज्याला गर्दी, इयादतीला कोणी नाही

हवाई बेटांपैकी काउआई बेटावर ओओ नावाचा एक गाणारा पक्षी होता. अंग काळपट, मांड्यांवर पिवळी पिसे. घुशी, उंदीर, जंगलतोड आणि बाहेरून आलेल्या डासांनी पसरवलेला हिवताप यांनी त्याचा घास घेतला. १९८५ साली तो शेवटचा दिसला आणि १९८७ साली शेवटचा ऐकू आला. २०२३ साली अमेरिकी सरकारने तो नामशेष झाल्याचे मान्य केले. त्याच्या गाण्याची फीत मात्र उरली आहे. या जातीत नर-मादी एकमेकांना साद देत गात. फितीतली ती एकट्याची साद ऐकून जगभरची माणसे हळहळतात. आम्हीही हळहळलो.

त्याच देशात एक भुंगेरा आहे. काळा, अंगावर नारिंगी ठिपके, दीड इंचापर्यंत लांब. मेलेला लहान पक्षी किंवा उंदीर सापडला की नर-मादी मिळून तो जमिनीत पुरतात आणि त्यावर पिल्ले वाढवतात. कीटकांत बापाने पिल्लांना भरवणे दुर्मीळच, इथे तेही घडते. कुराणात काबीलला भावाचे प्रेत कसे झाकावे हे एका कावळ्याने शिकवले. आम्हाला वाटते, या भुंगेऱ्याकडूनही दफन शिकता आले असते! एके काळी तो पस्तीस राज्यांत होता. १९८९ साली त्याला संकटग्रस्त ठरवले, तेव्हा ऱ्होड आयलंडचे एक बेट आणि पूर्व ओक्लाहोमा एवढ्याच ठिकाणी तो ठाऊक होता. नंतर आणखी काही ठिकाणी तो सापडला, आणि २०२० साली त्याचा दर्जा एक पायरी खाली, 'धोक्यात' असा आणला गेला. त्याआधी तेल-वायू उद्योगाकडून त्याचे नाव यादीतूनच काढण्याची मागणी झाली होती. विहीर खोदायची तर या किड्याचा विचार करावा लागे, हे त्यांना जाचक वाटे.

एकासाठी डोळे ओलावतात, दुसऱ्याचे नाव काढताच कपाळावर आठ्या पडतात. पक्षी गोड होता आणि भुंगेरा मढ्याजवळ राहतो, एवढ्याने याचा उलगडा होत नाही. गोड गळ्याने ओओला वाचवले कुठे? खरा फरक असा की मेलेला पक्षी आता काही मागत नाही. भुंगेरा जिवंत आहे, त्याला जमीन हवी आहे. आपल्या मोहल्ल्यातही हेच दिसते. जनाज्याला गर्दी होते, इयादतीला मात्र कोणी फिरकत नाही. आजाऱ्याच्या घरी गेले की औषधाचा खर्च समोर येतो.

कुणी म्हणेल, माणसे उपाशी असताना किड्याचे काय घेऊन बसलात? प्रश्न खोटा नाही. पण त्या विहिरींचे तेल उपाशी माणसाच्या चुलीपर्यंत कितीसे पोहोचते, हेही विचारायला हवे. कुराण जमिनीवर चालणाऱ्यांना आणि पंखांनी उडणाऱ्यांना आपल्यासारख्याच उम्मती म्हणते. त्यात गाणाऱ्यांना वेगळी रांग नाही. एक मुंगी चावली म्हणून मुंग्यांचे अख्खे वारूळ जाळणाऱ्या एका नबींना अल्लाहने जाब विचारला, अशी हदीस आहे. तसबीह करणारी एक उम्मत जाळलीस, हा तो जाब होता.

आणि भुंगेरा मुकाही नाही. पोट पंखांच्या कवचाला घासून तो बारीक कुरकुर करतो. मातीखालची त्याची पिल्ले ती ऐकतात.