टूलिंग

खोटं बोलल्याबद्दल माफी मागता येते. पण खरं बोलल्याबद्दल मागायची असेल तर ती कोणत्या तोंडाने मागायची? हा प्रश्न मला एका खोक्याने घातला.

माझा भाचा भौतिकशास्त्रात पीएच.डी. करतो. (म्हणजे गेली सहा वर्षं करतोच आहे.) दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते, पीएच.डी.ला नसते, म्हणून ताईने त्याचा डबा माझ्या हाती दिला.

प्रयोगशाळेत स्टीलची एक भलीथोरली हंडी होती. तिच्यातली हवा उपसून टाकायची, तळाशी ॲल्युमिनियम तापवून त्याची वाफ करायची आणि वर उलट्या टांगलेल्या काचेवर त्या वाफेचा थर बसवायचा. थर केवढा, तर १,००० अँगस्ट्रॉम, म्हणजे १०० नॅनोमीटर. माणसाचा केस याच्या पाचशे ते हजारपट जाड असतो म्हणे. हे सांगताना भाच्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं नाही. ताईचे संस्कार.

"एवढासा थर मोजतं कोण?"

"हा कंट्रोलर." टेबलावरच्या खोक्याची बटणं दाबत त्याने ॲल्युमिनियमची घनता भरली, २.७०. मग झी-रेशो नावाचं काहीतरी, १.०८. "खरं म्हणजे मामा, हा काचेवरचा थर मोजतच नाही."

"मग?"

"काचेच्या बाजूला क्वार्ट्झची एक चकती आहे, रुपयाहून लहान. ती सेकंदाला ६० लाख वेळा थरथरते. तिच्यावर धातू बसला की थरथर मंदावते. किती मंदावली, त्यावरून किती धातू बसला ते कळतं. १९५९ साली साउअरब्रे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे गणित मांडलं. थर हळू बसायला लागला की कंट्रोलर आच वाढवतो, भराभर बसायला लागला की कमी करतो, आणि ठरलेला आकडा आला की झडप बंद."

म्हणजे दुधापाशी उभी असलेली ताई. पण माझ्यातला कारकून जागा झाला. "अरे, पण चकती बाजूला, काच मध्ये. दोघींवर सारखाच थर कसा बसेल?"

"नाहीच बसत. म्हणून टूलिंग. पहिल्यांदा १०० टक्के धरायचं, थर बसवायचा, काच बाहेर काढून खरी जाडी दुसऱ्या यंत्रावर मोजायची. खोकं म्हणालं १,००० आणि निघाले १,२००, तर टूलिंग १२०."

"आणि हे केलंच नाही तर?"

"काही नाही. आकडा अगदी अचूक दिसतो. चुकीचा असतो, एवढंच."

जिना उतरताना मला आमच्या शाखेतला एक हंगामी शिपाई आठवला. तीन वर्षांपूर्वी साहेबांनी विचारलं होतं, "याचं काम कसं आहे हो?" मी सांगितलं, "आळशी आहे. माझ्या टेबलावर व्हाउचरं साडेतीनशिवाय येत नाहीत आणि चहा नेहमी निवलेला." वेळा मी टिपूनच ठेवल्या होत्या. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. त्याला पुढे ठेवलं नाही.

नवा शिपाई आला. चहा निवलेलाच येतो. माझं टेबल खांबाच्या मागे, अगदी शेवटी. तिथवर पोचेपर्यंत त्या बिचाऱ्याला अकरा जण हाका मारतात. दारापाशी बसणारे आमचे हेडकॅशिअर मात्र त्या जुन्या पोराला 'सोनं' म्हणायचे. मला वाटायचं, यांना माणसांची पारख नाही. त्यांना गरम चहा मिळायचा, इतकंच.

साहेबांनी विचारलं होतं त्याच्याबद्दल. मी सांगितलं माझ्या टेबलाबद्दल. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, हीच पंचाईत.

हल्ली तो स्टेशनजवळ भाजीची गाडी लावतो. साहेबांना कोण काय म्हणालं, ते त्याला ठाऊक नाही. मला बघितलं की "या साहेब" म्हणतो आणि न मागता कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त घालतो. तेव्हापासून मी पलीकडच्या गाडीवर भाजी घेतो. तिथे महाग पडते, आणि कोथिंबीर तर विकतसुद्धा शिळीच मिळते.