कोरे तिकीट

2023 च्या जून महिन्यात मी भाच्याकडे बर्लिनला गेलो होतो. तो सकाळी कामावर जाई आणि मी दिवसभर एकटाच गाव पाहत हिंडे. पहिल्या दिवशी भुयारी गाडीच्या स्थानकात उतरलो आणि गोंधळून उभा राहिलो. फाटक कोठे दिसेना. आडवा दांडा नाही, खिडकी नाही, हात पुढे करणारा माणूस नाही. रस्त्यावरून पायऱ्या उतराव्यात, तो समोर फलाट आणि फलाटाला लागलेली गाडी!

फलाटावर एक लहानशी पेटी मात्र असते. विकत घेतलेले तिकीट तिच्या फटीत सरकवले की खट्ट असा आवाज होतो आणि तारीख-वेळ उमटते. तेथून पुढे दोन तास शहरात एका दिशेने कोठेही जावे. आगगाडी, ट्राम, बस, हवी तशी बदलावी. ठसा नसेल तर ते तिकीट तिकीटच नव्हे. "मामा, सगळं विसरलात तरी चालेल, पेटी विसरू नका," असे भाच्याने मला बजावले होते.

चौथ्या दिवशी मी पेटी विसरलो. अलेक्झांडरप्लाट्झला गाडी उभी दिसली, ती धावत धरली. तीन स्थानके गेल्यावर खिशात हात घातला, तो तिकीट कोरे! पोटात गोळा उठला. त्या गावी तपासनीस साध्या कपड्यांत फिरतात. समोर पुस्तक वाचणारा तरुण तपासनीस असेल, कोपऱ्यातली प्रौढ बाईही असेल. सापडलो तर साठ युरो दंड, आणि परक्या देशात चोर म्हणून उभे राहणे वेगळेच. मनातल्या मनात मी शंभर वेळा क्षमा मागितली. पण कोणी आले नाही. मी उतरलो, पायऱ्या चढून उन्हात आलो आणि जीव भांड्यात पडला.

खरी गोष्ट येथून पुढे आहे. उन्हात उभे राहिल्यावर माझ्या लक्षात आले की प्रवास तर झाला आणि तिकीट जसेच्या तसे शिल्लक आहे. परतताना तेच चालेल! लगेच मनातला वकील उभा राहिला. म्हणाला, "पैसे तर तू दिलेच आहेस. चूक नकळत झाली. कोणाचे काय गेले?" एका प्रवासाचे पैसे देऊन दोन प्रवास करायला मी निघालो होतो, एवढेच तो सांगत नव्हता.

डब्यात असताना मी केवढा प्रामाणिक होतो! भीती उतरली आणि तिच्यामागोमाग प्रामाणिकपणाही उतरला. मग तो माझा होता, की भीतीचा? मी शिक्षक आहे. परीक्षेच्या वेळी वर्गात फेऱ्या घालतो आणि मुलांच्या माना सरळ राहतात. मी त्यांना सचोटी शिकवली, की फक्त मान सरळ ठेवणे? त्या दिवशी मला याचे उत्तर देता आले नाही.

येथे एक सोपे उत्तर पुढे येते: तिकडचे लोक सचोटीचे, म्हणून तेथे फाटक नाही, आपण तसे नाही. मला हे पटत नाही. मुंबईच्या मेट्रोला फाटके आहेत. पण लोकलच्या बहुतेक स्थानकांत आपणही असेच सरळ शिरतो. लाखो माणसे पास काढून जातात, काही 'विदाऊट' जातात, आणि टीसी कधी भेटतो, कधी भेटत नाही. जर्मन भाषेतही 'विदाऊट'ला जुना शब्द आहे, श्वार्त्सफारेन. म्हणजे 'काळे' जाणे. आपल्या काळ्या बाजारातला काळा, तोच हा. ज्या भाषेत शब्द आहे, तेथे माणसेही असणारच.

शिवाय, त्या उघड्या दारामागे कायदा उभा आहे. फुकट प्रवास हा 1935 सालापासून तेथील दंडसंहितेत गुन्हा आहे. पुन:पुन्हा सापडलेल्यावर खटला होतो, आणि न्यायालयाचा दंड भरता आला नाही म्हणून माणसे तुरुंगात गेली आहेत. असे दंड भरून त्यांना सोडवून आणण्यासाठी 2021 साली काही नागरिकांनी एक निधी उभारला. हे कळल्यावर माझे कौतुक जरा खाली बसले. ज्याच्या खिशात पैसे आहेत, त्याच्यापुढे उघडे दार म्हणजे विश्वास. ज्याच्या खिशात नाहीत, त्याच्यापुढे तोच सापळा. त्याला 'प्रामाणिक हो' म्हणून सांगण्याआधी भाडे त्याच्या आवाक्यात आणायला हवे. 2022 च्या जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये जर्मनीने तसे करून पाहिले. नऊ युरोंत महिनाभर देशातल्या साऱ्या स्थानिक गाड्या! सुमारे 5 कोटी 20 लाख तिकिटे खपली. सचोटी उपदेशाने वाढते की नाही, कोण जाणे. पण दर उतरले म्हणजे ती पेलायला हलकी होते, एवढे खरे.

पण हा युक्तिवाद माझ्या वकिलाच्या उपयोगाचा नव्हता. माझ्या खिशात पैसे होते. गरिबाची अडचण पुढे करून मला सुटता येत नव्हते. फाटक असते तर मी मुकाट्याने तिकीट दाखवले असते आणि घरी गेलो असतो. प्रामाणिकही ठरलो नसतो आणि लबाडही. फाटक चोराला अडवते, तसेच ते साध्या माणसाला स्वत:शी भेटू देत नाही. पोट भरलेल्या माणसाची परीक्षा उघड्या दारातच होते.

संध्याकाळी परत निघालो. नवे तिकीट घेतले, पेटीत घातले, खट्ट! मग सकाळचे कोरे तिकीट काढून तेही घातले, पुन्हा खट्ट. मागे उभ्या असलेल्या बाईने माझ्याकडे नवलाने पाहिले. तिला काय सांगणार?

गाडीत बसल्यावर फार बरे वाटले, आणि त्या बरे वाटण्याचीच शंका आली. ही सचोटी, की सचोटीचा अभिमान? कोणी पाहत नसताना केले म्हणून मी स्वत:ची पाठ थोपटत होतो. आणि आता तर ते छापून चार लोकांना दाखवतो आहे. म्हणजे त्या दुसऱ्या ठशाचे मोल मी बरेचसे वसूल करून घेतलेच. जे उरले असेल, ते माझे.