ओढायचं कुठे, सोडायचं कुठे

घरी पहिला टी-शर्ट शिवताना ज्यांचा हात ब्लाउज, परकर-पोलकं शिवण्यात बसलाय, त्यांनाच अनेकदा जास्त त्रास होतो. नवशिक्याला तितका होत नाही. ब्लाउजचं कापड ताणत नाही, म्हणून त्याला अंगाचा आकार आपण देतो. टक्स घालतो, कटोरी बेततो, मुंढा दोन-दोनदा तपासतो. कापड मुकाट ऐकतं. टी-शर्टची होजिअरी अशी ऐकत नाही. तिचा स्वभाव आधी बघून घ्यावा लागतो.

भिंगातून पाहिलं तर या कापडात उभे-आडवे धागे दिसत नाहीत. एकमेकांत अडकवत नेलेले फासे दिसतात. स्वेटर विणताना सुलट टाक्यांनी जी वीण पडते तीच ही, फक्त फार बारीक. इंग्लंडमधल्या विल्यम ली या धर्मगुरूने १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं आणि हे फासे यंत्राच्या हाती गेले. आज तमिळनाडूतल्या तिरुपूरला या विणीवर अख्खं शहर चालतं. प्रत्येक फाशात थोडी मोकळी जागा असते. ताणलं की तो पसरतो, सोडलं की मूळपदावर येतो. टक्सचं काम इथे ही मोकळी जागा करते.

त्यामुळे शिवताना जपायचं ते या फाशाला. सुई बॉलपॉइंटची घ्यावी. तिचं टोक गोलसर असल्याने ती धागा न तोडता बाजूला सारून आत शिरते. टोकदार सुईने धागा तुटला, तर पुढे धुण्यात तिथे भोक पडतं. साधी सरळ टीप घातली की कापड ताणतं, दोरा ताणत नाही, आणि डोक्यातून काढताना शिवण कट्‌कन उसवते. अरुंद झिगझॅग घाला, ओव्हरलॉक मशीन नसलं तरी काही अडत नाही. मशीनच्या मागून कापड ओढू मात्र नका. दाते सरकवतील तसं जाऊ द्या, नाहीतर शिवण नागमोडी होते.

ओढायची ती गळ्याची पट्टी. गळ्याचा घेर ५० सेंटीमीटर भरला, तर रिबची पट्टी शिवणीची माया सोडून ४२-४३ सेंटीमीटर पुरते. घेराएवढीच कापली तर ती मानेपासून सुटून उभी राहते, फार तोकडी केली तर गळ्याला चुण्या पडतात. पट्टीचे आणि गळ्याचे चार-चार सारखे भाग करून खुणा जुळवायच्या आणि ताण सगळीकडे सारखा वाटायचा. ताणायची पट्टी, शर्टाचा गळा जसा आहे तसाच राहू द्यायचा. टी-शर्ट अंगावर नीट दिसतो की घरगुती वाटतो, ते माझ्या मते इथेच ठरतं. बाह्या थोड्या इकडेतिकडे झाल्या तर कोणी बघत नाही.

फिटिंग सकाळच्या उजेडात बघावं, शर्ट उलटा घालून, हाताशी टाचण्या ठेवून. सुरकुत्या बरोबर दुखण्याकडे बोट दाखवतात. काखेतून छातीकडे ओढ दिसली, तर छातीत कापड कमी आहे. पाठीमागे कमरेवर कापड गोळा होत असेल, तर बहुधा नितंबावर घेर अडतोय आणि शर्ट वर चढतोय. खांद्याची शिवण हाडावरून खाली उतरली, तर खांदा रुंद झालाय. दुकानात ‘लार्ज’ बसला नाही की आपण आपल्या पोटाकडे बघतो. घरी शिवणारा शिवणीकडे बघतो, आणि मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं. मात्र टाचण्या लावून झाल्यावर हात वर करून आणि खुर्चीत बसूनही बघावं. नुसतं उभं राहून बघितलेलं माप फसवतं.

सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आटते, त्यातही बहुधा उंचीत जास्त. इतकं जपून बेतलेला शर्ट मग बेंबीवर येतो. आज सुट्टी आहे आणि कापड आणून ठेवलंय, म्हणून लगेच कात्री हातात घेऊ नका. शर्ट पुढे जसा धुणार, तसंच ते आधी धुऊन आडवं पसरून वाळवा. कापायचं उद्या.