पाषाणाचें स्थैर्य

एप्रिल-मे महिन्यांतील भर दुपारीं कांजूरमार्गच्या पुलावर उभें राहून खालीं पाहिलें, तर उन्हानें तापलेले रूळ विक्रोळीकडून भांडुपकडे सरळ गेलेले दिसतात. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली आगगाडी याच पट्ट्यांतून गेली. पुढें पुष्कळ वर्षें रुळांच्या तुकड्यांमध्यें सांध्यापाशीं थोडी फट ठेवण्याची रीत होती. कारण लोखंड उन्हांत वाढतें. गाडींत बसल्यावर ऐकूं येणारा तो लयबद्ध खडखडाट म्हणजे त्या फटींचाच आवाज. आतां मुख्य मार्गांवर रूळ एकमेकांस जोडून लांबच लांब अखंड केलेले असतात. फटी गेल्या, खडखडाटहि बहुतांशीं गेला. पण लोखंडाचा स्वभाव गेला नाहीं. तापमान ४० अंशांनीं चढलें तर १ किलोमीटर लांबीचा मोकळा रूळ सुमारें अर्धा मीटर वाढेल. त्यास स्लीपर, पकडी आणि खडी यांनीं जखडून ठेवलें म्हणजे तो वाढत नाहीं. परंतु न झालेली वाढ दाबाच्या रूपानें त्याच्या अंगांत सांठून राहते. तो दाब मर्यादेपलीकडे गेला, कीं वरून निश्चल दिसणारा रूळ एकाएकीं बाजूस वांकतो. म्हणूनच कडक उन्हाळ्यांत मार्गावर खास गस्त घालावी लागते.

हा रूळ पाहतांना मनांत येणारा प्रश्न पदार्थविज्ञानाचा नसून नीतीचा आहे. दृढ मनाची आपली कल्पना आपण पाषाणावरून घेतली आहे. एखाद्या घरीं कर्ता पुरुष गेला, कीं वडील मंडळी थोरल्या मुलास सांगतात, "बाबा, आतां मन दगडासारखें घट्ट कर. तूंच रडूं लागलास तर आईनें कोणाकडे पाहावें?" मीं पाहिलेल्या अशा एका घरांत त्या मुलानें हें अक्षरशः पाळलें. तेरा दिवस त्यानें सर्वांची व्यवस्था पाहिली, डोळ्यांतून टिपूस काढलें नाहीं, आणि आल्यागेल्यांनीं त्याची वाखाणणी केली. सहा-सात महिन्यांनीं एका क्षुल्लक निमित्तानें तो असा कोसळला, कीं पुन्हा कामावर जाण्यास त्यास वर्ष लागलें. ज्यांनीं वाखाणणी केली होती तेच म्हणाले, "मुळांत कच्चाच होता." या निवाड्यांत कांहीं अन्याय तर नाहीं ना?

ज्याची उपमा आपण देतों, तो दगड तरी निश्चल आहे काय, हें प्रथम पाहूं. अणूंची कल्पना आपल्या देशास नवी नाहीं. वैशेषिकांनीं ती प्राचीन काळींच मांडली. परंतु घन पदार्थांत अणु कसे बसलेले असतात, याचा प्रत्यक्ष पुरावा १९१२ सालीं मिळाला. माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकांतून क्ष-किरण पाठविले गेले आणि छायापटावर ठिपक्यांची नियमबद्ध आकृति उमटली. पुढच्याच वर्षीं ब्रॅग पितापुत्रांनीं अशा आकृतींवरून अणूंच्या जागा ठरविण्याची रीत घालून दिली. घनांत अणूंच्या रांगा आहेत आणि त्या रांगांत प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, हें सिद्ध झालें. परंतु जागा ठरलेली असणें आणि स्तब्ध असणें हें एक नव्हे. पवईच्या टेकड्यांचा काळा पाषाण सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसापासून झाला. आज तो थंड आहे असें आपण म्हणतों. त्याच्यांतील एकेक अणु मात्र एका सेकंदांत अब्जावधि वेळांहूनहि कितीतरी अधिक, म्हणजे एकावर बारा-तेरा शून्यें इतक्या वेळां, आपल्या जागेभोंवतीं हेलकावे खात असतो. तापमान उणें २७३ अंशांपर्यंत नेलें तरी ही हालचाल पूर्णपणें थांबत नाहीं, असें आधुनिक विज्ञान सांगतें. सर्वस्वीं निश्चल असा पाषाण सृष्टींत नाहीं.

मग घनाचें घनत्व कशांत आहे? अणु हलतो, पण शेजारी त्यास परत ओढतात, आणि तो आपल्या जागेकडे परततो, यांत. लिंडमन या शास्त्रज्ञानें १९१० सालीं मांडलेल्या विचारावरून पुढें असें मानलें गेलें, कीं हा हेलकावा शेजाऱ्यांमधील अंतराच्या सुमारें दहाव्या भागाएवढा झाला म्हणजे घन वितळूं लागतो. हा स्थूल आडाखा असला तरी बोधप्रद आहे. घन आणि द्रव यांतील भेद हलण्या-न हलण्याचा नाहीं. परतण्या-न परतण्याचा आहे. आणि हें परतणें एकट्या अणूच्या अंगचें बळ नव्हे. शेजारी नसतील तर त्यास जागाच नाहीं. एकटा अणु घनहि नसतो आणि द्रवहि नसतो.

रूळ उन्हांत कां वाढतो, हेंहि यावरूनच कळतें. दोन शेजारी अणु फार जवळ येऊं लागले तर एकमेकांस जोरानें लोटतात. दूर जाऊं लागले तर ओढतात, पण ही ओढ त्यामानानें सौम्य असते. त्यामुळें हेलकावा वाढला, कीं त्याचा मध्य किंचित् बाहेर सरकतो, आणि प्रत्येकास थोडी अधिक जागा लागते. तापलेल्यास जागा अधिक लागते, हा लोखंडाचा दुबळेपणा नसून अणूंच्या परस्परसंबंधाचा परिणाम आहे.

येथें कोणी म्हणेल, कीं सर्वच पदार्थ सारखे नसतात. हिऱ्यासारखींहि मनें असतात. हें खरें आहे. पेन्सिलींतील शिसें म्हणून आपण ज्यास ओळखतों तें ग्राफाइट आणि हिरा, दोन्ही एकाच कार्बनाचीं रूपें. केवळ मांडणी निराळी. हिऱ्याचे अणु इतके घट्ट बांधलेले असतात, कीं नेहमींच्या तापमानास तो इतर घनांच्या मानानें फारच थोडी उष्णता सांठवितो. या कोड्याचा उलगडा १९०७ सालीं आइन्स्टाइन यांनीं केला. परंतु म्हणून हिऱ्यास उष्णता लागत नाहीं असें नव्हे. हिरा तांब्याच्या सुमारें पांचपट उष्णता वाहून नेतो. त्याच्या सुबद्ध मांडणींतून कंपनें बिनअडथळा पुढें जातात. सर्वांत कठीण पदार्थ आपली ऊब शेजाऱ्यास सर्वांत लवकर पोंचवितो.

अणूंवरून नीति काढतां येत नाहीं, हा आक्षेप मला मान्य आहे. अणूस कर्तव्य नाहीं, शोक नाहीं, निवडहि नाहीं. परंतु पाषाणास नीतीच्या दरबारांत साक्षीदार म्हणून मीं आणलेलें नाहीं. 'दगडासारखा हो' म्हणणाऱ्यांनीं तें आधींच केलें आहे. साक्षीदार बोलावला तर त्याची साक्ष पुरती ऐकावी, एवढेंच माझें म्हणणें. त्याची साक्ष अशी आहे, कीं स्थैर्य म्हणजे हालचालीचा अभाव नव्हे. हलूनहि जागेवर परतणें होय, आणि तें परतणें शेजाऱ्यांच्या आधारानें होतें.

मग कोणास धीर धर म्हणूंच नये काय? तसें नाहीं. घर चालावयाचें तर कोणास तरी उभें राहावें लागतें, जसे रूळहि जखडावे लागतात. फटी बुजवून अखंड रूळ घातले यांत अभियंत्यांनीं चूक केली असें नाहीं. पण रूळ कोणत्या तापमानास जखडावयाचा हें ते मोजून ठरवितात. कितीहि दाब येऊं शकेल हें ओळखून खडी भरतात. आणि उन्हें चढलीं कीं पायीं गस्त घालतात. रूळ वांकला तर 'लोखंडच कच्चें' म्हणून त्यांची सुटका होत नाहीं. त्या मुलास आम्हीं जखडलें आणि तेराव्या दिवशीं पानें उठल्यावर सर्वजण घरोघर गेलों. गस्त कोणींच घातली नाहीं. जो दुसऱ्यास स्थिर राहावयास सांगतो, त्यानें पुढचा सबंध उन्हाळा त्याच्याकडे फेऱ्या घालण्याचें कर्तव्यहि पत्करलेलें असतें. तें पत्करण्याची तयारी नसेल, तर सांध्यापाशीं थोडी फट ठेवून त्यास रडूं द्यावें, हेंच अधिक न्याय्य.